सात दिवस फुकट

बालमित्रांनो, तुमच्या वहीत लाल पेनाने खुणा करणारी आम्ही शिक्षक मंडळी. पण आमच्या चुका तपासणार कोण? म्हणून माझी एक चूक आज मीच तुमच्यापुढे ठेवते.

गोष्ट २०२३ च्या जूनमधली. पाचवीचा वर्ग माझ्याकडे होता. वर्ष शिष्यवृत्ती परीक्षेचं, आणि अपूर्णांक म्हटलं की अर्धा वर्ग खाली मान घालायचा. अशात मला कुणीतरी शिकवणीचं एक ॲप दाखवलं. त्यात भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक छान समजावले होते. मी खूश! लगेच पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं, "सात दिवस फुकट आहे. बघून घ्या."

बाईंनी सांगितलं म्हणजे चांगलंच असणार, नाही का? माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने त्याच रात्री ते ॲप घेतलं. ती माउली घरी ब्लाऊज शिवते. वडील ट्रकवर असतात. घरात एकच फोन, त्यात दोघांची दोन सिमकार्डं. ॲपने नंबर विचारला, मुलीने वडिलांचा टाकला. मग ॲपने पैसे देण्याचा पिन मागितला. आता, फुकट गोष्टीला पिन कशाला हवा? हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता. पण तो मलाही पडला नव्हता, तर त्या मायलेकींना काय दोष द्यायचा!

पाचव्या दिवशी फोन भरला. काही उघडेना. म्हणून त्यांनी ते ॲप काढून टाकलं. झालं, विषय संपला, असं त्यांना वाटलं.

तो संपला नव्हता. दिवाळीच्या तोंडावर आई बँकेत पासबुक भरून घ्यायला गेली, तेव्हा कळलं. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असे चार महिने दर महिन्याला २९९ रुपये कापले गेले होते. ती पासबुक घेऊन शाळेत आली. रागावली नाही. नुसतं म्हणाली, "बाई, तुम्ही फुकट म्हणाला होता ना?"

मुलांनो, त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

२९९ गुणिले ४, म्हणजे ११९६ रुपये. साधा ब्लाऊज शिवायचे ती शंभर रुपये घेते. म्हणजे बारा ब्लाऊज शिवले, आणि ते कुठे गेले ते कळलंही नाही.

असं कसं झालं? दुधाच्या रतिबाचं उदाहरण घ्या. "रोज एक लिटर टाका" असं दूधवाल्याला सांगितलं आणि नंतर दारातलं पातेलं उचलून घेतलं, तर रतीब बंद होतो का? नाही. "उद्यापासून नको" असं त्याला सांगावं लागतं. ॲप काढून टाकणं म्हणजे नुसतं पातेलं उचलणं. त्या पिनने दर महिन्याला पैसे कापायची परवानगी दिली होती, तिला 'ऑटोपे' म्हणतात. ती बंद करायची जागा वेगळीच, ज्या ॲपमधून आपण पैसे देतो तिथे. पैसे कापण्याआधी संदेश येतो, हे खरं. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, निदान चोवीस तास आधी कळवायचं. तसे संदेश आलेही होते. पण इंग्रजीत, आणि लॉटरीच्या न् कर्जाच्या पन्नास संदेशांच्या गर्दीत!

आम्ही तिथेच शाळेच्या ओट्यावर बसून ऑटोपे बंद केलं. मग तक्रार करायला निघालो, तर पुढची गंमत. ॲप पुन्हा घेतलं. ते म्हणालं, आधी तुमच्या नंबरवर आलेला ओटीपी टाका. तो नंबर वडिलांचा, आणि ते सिम कधीच बंद पडलेलं. म्हणजे पैसे भरूनही धडे बघता येईनात, आणि तक्रारही आत शिरल्याशिवाय करता येईना. किल्ली घरात आणि आपण बाहेर! ईमेल पाठवलं, तर "तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे" असं ठरावीक उत्तर आलं. तीनदा तेच.

शेवटी १९१५ या क्रमांकावर फोन लावला. ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीतही बोलता येतं बरं का! तिथे विचारलं, कोणत्या तारखेला किती रुपये कापले? माझी विद्यार्थिनी पासबुकातून एकेक तारीख वाचत गेली, अगदी खणखणीत आवाजात. वर्गात अपूर्णांकाला मान खाली घालणारी हीच मुलगी! तक्रारीचा क्रमांक मिळाला, तो तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून त्याला चौकट केली.

काही आठवड्यांनी दोन महिन्यांचे ५९८ रुपये परत आले. उरलेल्या दोन महिन्यांचे द्यायला कंपनी तयार होईना. संदेश पाठवले होते, असं तिचं म्हणणं. मी जिल्हा ग्राहक आयोगाचं सुचवलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नसते. पण आई म्हणाली, "राहू द्या बाई. लग्नसराईची कामं पडलीत." तिचं म्हणणं मला पटलं नाही, पण समजलं.

नंतर मी वाचत बसले, तेव्हा एकेक कळत गेलं. आपोआप पैसे कापण्याची परवानगी देणं टाळा, अशी सूचना केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांसाठी काढली होती. आणि आमचे फोन चालले होते त्याच सुमाराला, ३० नोव्हेंबर २०२३ रोजी, ग्राहकांना फसवणाऱ्या तेरा युक्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं सरकारने काढली. वर्गणीतून बाहेर पडणं मुद्दाम अवघड करून ठेवणं ही त्यातलीच एक. पहिली सूचना मी वेळेवर वाचली असती तर!

पालकांच्या गटावर मी माझी चूक सविस्तर लिहिली. त्या रात्री आणखी चार पालकांनी आपापलं ऑटोपे उघडून पाहिलं. दोघांचे पैसे असेच जात होते.

पुढच्या जूनमध्ये ती मुलगी सहावीत गेली. शाळेतर्फे मोफत पाठ्यपुस्तकं वाटायला मी उभी होते. तिचा नंबर आला. पुस्तकं हातात घेऊन ती म्हणाली, "बाई, ही फुकट किती दिवस?"

मागे उभी असलेली तिची आई तोंडाला पदर लावून हसत होती.