कळंबपर्यंत, पाठ टेकून

मणक्याच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी सरांना हँडलवर वाकून सायकल चालवायला मनाई केली, तेव्हा आमचा रविवारचा गट हादरलाच. सर म्हणजे निवृत्त गणित शिक्षक आणि आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांच्याशिवाय निघायचं कसं? पण सरांच्या डोक्यात रिकम्बंटचा विचार आधीच सुरू झाला होता. या सायकलवर आरामखुर्चीत बसावं तसं मागे रेलायचं आणि पाय पुढे लांबवून पेडल मारायचे. तयार घेणं परवडणारं नव्हतं. मग दोन जुन्या सायकली, लोखंडी पाइप आणि वहीत आखलेली मापं घेऊन ते एका वेल्डिंगवाल्याकडे गेले. पेडल पुढच्या टोकाला आणि फ्रीव्हील मागच्या चाकाला, त्यामुळे तीन चेनी जोडून एक करावी लागली. ती मध्ये लोंबकळू नये म्हणून खाली छोट्या पुली बसवल्या. खांदे, कंबर, पाठ यांचा सगळा भार आता पट्ट्यांच्या सीटवर येतो.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही ती घेऊन कळंबला निघालो. यवतमाळहून हे अंतर साधारण तेवीस किलोमीटर. आपल्याकडे सायकलींसाठी वेगळा मार्ग नाही. बुटीबोरी-तुळजापूर महामार्ग चौपदरी झाल्यापासून पांढऱ्या पट्टीबाहेरची कडा तेवढी आमची. रिकम्बंटचा खरा धोका इथेच आहे. चालवणाऱ्याचं डोकं इतकं खाली असतं की ट्रकच्या केबिनमधून ते दिसेलच याचा भरवसा नाही. म्हणून सीटमागे उंच काठीला भगवं फडकं बांधलं, सरांना मधोमध ठेवलं आणि मागे लाल दिवे लावून दोघं. एरवी आमचा गट पहिल्या पुलापर्यंतच पांगतो, ज्याला जसा दम तसा तो पुढे जातो. त्या दिवशी कुणी कुणाला सोडलं नाही. एकत्र चालवणं म्हणजे काय, हे मला त्या सकाळी नीट कळलं.

थंडी बोचरी होती. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मधल्या ओळींत तुरीला शेंगा धरलेल्या. वेचणीला निघालेल्या बाया थांबून बघायच्या. एका थांब्यावरच्या आजोबांनी विचारलं, "काहून जी, निजूनच चालवता का?" सर थांबले, आजोबांना सीटवर बसवलं, पेडलवर पाय ठेवायला लावले. "पाठीले बरं वाटते," असं आजोबा म्हणाले तेव्हा सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

यवतमाळ उंचावर, कळंब खाली. त्यामुळे जाताना उतार जास्त, आणि उतारावर सर आम्हाला मागे टाकायचे. अंग आडवं असल्याने समोरून वारा कमी अडतो. 1933 मध्ये फ्रान्सिस फॉर नावाच्या फ्रेंच सायकलपटूने पॅरिसच्या ट्रॅकवर शार्ल मोशेच्या अशाच सायकलवर तासाभरात 45 किलोमीटरहून जास्त अंतर कापून जुना विक्रम मोडला होता. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने ही रचना शर्यतींतून बाद केली. मला तो निर्णय आजही अन्यायाचा वाटतो. शर्यतीत दिसत नाही ते दुकानातही येत नाही, आणि दुखऱ्या पाठीच्या किती माणसांनी तेवढ्यासाठी सायकल कायमची सोडली असेल!

कळंबला चिंतामणीचं दर्शन घेतलं. हे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं आणि समोर कुंड. ठरावीक वर्षांनी कुंडाचं पाणी चढून देवाच्या पायांना लागतं, असं इथले लोक सांगतात. पायऱ्या सर माझ्या हाताला धरून सावकाश उतरले. सायकलवर सहज बसणाऱ्या त्यांना चालणं अजून जड जातं, हे तेव्हा दिसलं. बाहेर आलूबोंडा आणि झणझणीत तर्री. फेब्रुवारी 2024 पासून वर्ध्याहून रेल्वे कळंबपर्यंत आली आहे. ती यवतमाळला पोचली की येताना सायकल गाडीत टाकायची, असा बेत कुणीतरी मांडला.

कारण परतीचा चढ. साध्या सायकलवर चढ आला की आपण उभे राहतो, अंगाचं वजन पेडलवर टाकतो. रेलून बसलेल्याला ते जमत नाही, सगळी भिस्त मांड्यांवर. वेग फार कमी झाला तर तोलही जातो. आम्ही ढकलू म्हणालो, सर "नको" म्हणाले. मग आमच्यातल्या कॉलेजातल्या मुलीने त्यांच्या शेजारी सायकल धरली आणि पेडलच्या फेऱ्या मोठ्याने मोजायला लागली. दर शंभराला सर पाणी मागत. चढ संपेपर्यंत दोघांनी हा हिशेब सोडला नाही, आणि आम्ही सगळे त्यांच्या वेगाने मागे.

घरी पोचल्यावर सरांनी पहिला फोन वेल्डिंगवाल्याला केला. पुढचं चेनव्हील लहान बसवायचं आणि फ्रीव्हील जास्त दात्यांचं, म्हणजे चढावर पाय हलका फिरेल. आता त्यांना धामणगाव रस्त्यावरचा करळगाव घाट चढायचा आहे.