तारुण्यपीटिका

तारुण्य कवीच्या दारीं फुलें घेऊन येतें म्हणतात. आपल्यासारख्यांच्या घरीं मात्र तें नाकाच्या शेंड्यावर एक लालबुंद पुटकुळी घेऊन येतें. आमच्या जुन्या वैद्यांना हें चांगलें ठाऊक होतें. सुश्रुतसंहितेंत या पुटकुळ्यांना ‘मुखदूषिका’ असें नांव असून उपमा दिली आहे ती सांवरीच्या कांट्यांची. फाल्गुनांत फुललेली सांवर ज्यानें पाहिली असेल, त्याला या उपमेंतली खोंच कळेल. ज्या झाडाच्या अंगावर राठ कांटे, त्याच्याच माथ्यावर तांबड्या फुलांचा बहर!

जामनेरला माझ्या बहिणीची मुलगी सतरा वर्षांची आहे. तिला गेलीं दोन वर्षें आरशांत बहर दिसला नाहीं. कांटे तेवढे दिसले. त्यांत येणारा प्रत्येक पाहुणा अर्धा वैद्य! कोणी म्हणे, अंगांत उष्णता भिनली आहे, भरीत आणि शेवभाजी बंद करा. कोणी म्हणे, पोट साफ नाहीं. कोणी म्हणे, तोंड नीट धूत नसेल. एका आजीबाईंनीं तर, “उद्यां स्थळें पाहायचीं आहेत,” अशी आठवणही दिली. उपाय निरनिराळे, पण आरोप एकच, कीं मुलीचें कांहींतरी चुकतें आहे. उन्हासाठीं तोंडाला ओढणी गुंडाळण्याची आमच्या खानदेशांत चालच आहे. परंतु ही पोर दिवेलागणीनंतरही ओढणी सोडीना. “मामा, मी काय केलं?” असें तिनें मला एकदां विचारलें, तेव्हां मला चटकन् उत्तर सुचलें नाहीं.

अशा वेळीं कोणीतरी दुकानांतून एक मलम आणून दिलें. आठ दिवसांत चेहरा तुकतुकीत झाला आणि घरांत आनंदीआनंद झाला. मलम थांबलें मात्र, तोंड भाजल्यासारखें लाल झालें आणि पुटकुळ्या दुपटीनें उठल्या. त्यांत स्टिरॉइड होतें. असलीं चौदा प्रकारचीं मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत, असा नियम केंद्र सरकारनें २०१८ सालीं केला आहे; पण नियम दिल्लीहून निघतो आणि मलम शेजारच्या गल्लींतून येतें.

शेवटीं जळगांवच्या एका डॉक्टरीणबाईंनीं तिच्या प्रश्नाचें उत्तर दिलें. वयांत येतांना शरीरांत जीं संप्रेरकें वाढतात, त्यांनीं त्वचेंतील तेलाच्या ग्रंथी फुगतात; तेल आणि मृत पेशी मिळून केसाच्या मुळाशीं असलेलें रंध्र बुजतें; सर्वांच्याच त्वचेवर राहणारे जंतू तेथें माजतात आणि सूज येते. यांत मळाचा संबंध नाहीं, चारित्र्याचा तर नाहींच. चोळून तोंड धुतल्यानें त्वचा चिडते, आणि पुटकुळी फोडली कीं वण राहतो. बाईंनीं भरताला निर्दोष सोडलें. साखरेवर थोडा संशय ठेवला. बेंझॉइल पेरॉक्साइड आणि रात्रीं अ‍ॅडापॅलीनचा पातळ थर, एवढेंच औषध दिलें. “प्रथम त्वचा कोरडी पडेल, घाबरूं नकोस, गुण यायला दोन-तीन महिने लागतील,” असें बजावलें. दुखऱ्या गांठी असणाऱ्यांसाठीं आयसोट्रेटिनॉइन नांवाचें जालीम औषध आहे. पण तें गर्भाला घातक असल्यामुळें डॉक्टरांच्या देखरेखीवांचून घेतां येत नाहीं, हेंही सांगितलें.

औषध मुलीला मिळालें. पथ्य मात्र बहिणीनें घरच्यांना लावून दिलें. तिच्या तोंडाकडे निरखून पाहायचें नाहीं, आणि ‘आज कसें आहे?’ हा प्रश्न विचारायचा नाहीं. पाहुण्यांनाही उंबऱ्यांतच ही ताकीद मिळूं लागली. पहिला महिना जड गेला. औषधानें नव्हे, बोलायला दुसरा विषय न सुचल्यामुळें! मग हळूहळू लोक तिला अभ्यासाविषयीं विचारूं लागले. ती उत्तरें देऊं लागली, आणि एके संध्याकाळीं बोलतां बोलतां तिनें ओढणी सोडून खुंटीवर टाकली. चेहऱ्यावरचे डाग तेव्हां पुरते गेले नव्हते. तें कोणीं पाहिलें नाहीं, किंवा पाहिलें असलें तरी कोणीं बोललें नाहीं.