थांबा, फोटो काढतोय!

‘‘कळसूबाई करतोय. तू येतेयस. नाटकं नकोत.’’

कॅप्टनचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात गुडघ्यावर नीकॅप चढवून बसले होते. वर्षापूर्वी लिगामेंटचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून दुसरा मजलासुद्धा मी लिफ्टनेच गाठते. आणि कळसूबाई म्हणजे १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर! मी ‘बघू’ असं कळवलं. आमच्या गँगमध्ये ‘बघू’ म्हणजे ‘नाही’.

खरं तर गुडघा हे निमित्त होतं. आपल्यामुळे सगळे रखडतील आणि पुढच्या वेळी आपल्याला कुणी विचारणारच नाही, ही खरी भीती.

तरी गेले. सप्टेंबरची सकाळ, कसाऱ्याहून जीप, पायथ्याच्या बारी गावात चहा-पोहे. कॉलेजात असताना कॅप्टन कायम वीस पावलं पुढे. वळून ओरडायचा, ‘‘चला रे म्हाताऱ्यांनो!’’ या वेळी मात्र साहेबांना रानफुलांचं वेड लागलेलं. गावाबाहेर पडतो न पडतो तोच पहिला ब्रेक. तेरडा! ‘‘थांबा, फोटो काढतोय.’’ तेरड्याच्या पिकल्या शेंगेला बोट लावलं की ती फट्‌कन फुटते. पस्तिशीतले आम्ही चौघं चक्क शेंगा फोडत बसलो.

पुढे सोनकीने पिवळे झालेले उतार. पुन्हा थांबा. मग ओल्या कातळावर सीतेची आसवं. नखाएवढं जांभळं फूल, दिसायला बिचारं. पण ही वनस्पती कीटकभक्षी! ओल्या मातीत लपलेल्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव खेचून गट्टम करते. तिच्या क्लोजअपसाठी कॅप्टन चिखलात पालथा पडला आणि मी शेजारच्या दगडावर पाय पसरून पोटभर हसले. कारवी नुसतीच हिरवी होती. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग मरून जाते. ‘‘फुलली की परत यायचं,’’ कुणीतरी म्हणालं.

लोखंडी शिडीपाशी माझं अवसान गळालं. कॅप्टन खाली उभा राहून खडकावरच्या नेच्याचा फोटो घेत होता. ‘‘सावकाश चढ गं, मला अजून अँगल मिळत नाहीये.’’

वर पोहोचलो. देवीच्या छोट्याशा देवळाला टेकून मी भंडारदऱ्याचं पाणी बघत राहिले. रडले नाही, पण जरा वेळ कुणाशी बोललेही नाही.

दोन दिवसांनी ग्रुपवर फोटो आले. एकाच सोनकीचे नऊ. त्यातले चार हललेले, एकात तर नुसताच अंगठा. नेचा सगळाच्या सगळा आउट ऑफ फोकस. मग मी प्रत्येक फोटोची वेळ बघितली. कुठल्या वळणावर माझा गुडघा कुरकुरला होता, ते मला पाठ होतं.

‘‘एका फुलाचे नऊ फोटो?’’ मी विचारलं.

‘‘वाऱ्याने हलत होतं गं.’’

त्यावर काय बोलणार? मी एवढंच टाइप केलं, ‘‘कारवीला येतेय. बघू नाही, नक्की.’’