अडकलेला पिस्टन

दुसऱ्याची वस्तू वापरावयास घेणे सोपे, ती सांभाळणे कठीण. हे आम्ही इतरांस अनेकदा ऐकविले आहे. परंतु आम्हांला ते एका जुन्या मोटारसायकलीने शिकविले. ती हकीकत सांगताना थोडी लाज वाटते. तथापि आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या पडवीत अथवा गोठ्यात एखादी जुनी गाडी धूळ खात उभी असेल, त्यांस तिचा उपयोग व्हावा, म्हणून लिहीत आहो.

२०१४ साली आम्ही खानापूर तालुक्यातील एका गावी बदलून आलो. वाड्या दूरदूर, रस्ते रानातले आणि जवळ वाहन नाही. तेव्हा गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका मास्तरांनी आपली येझदी आमच्या अंगणात आणून उभी केली. ते म्हणाले, "फादर, माझे गुडघे आता किक मारू देत नाहीत. तुम्ही चालवा. फिरती राहिली तर गाडी जगते."

गाडी १९७९ सालची, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. चेकोस्लोव्हाकियातील जावाच्या परवान्याने निघालेला तो कारखाना १९९६ साली बंद पडला. पण त्याच्या गाड्या आमच्या भागातील रानवाटांवर पुढे कित्येक वर्षे धावत राहिल्या. दोन बाजूंचे दोन सायलेन्सर पाहून पुष्कळांस वाटते की आत सिलिंडरही दोन असावेत. वस्तुतः सिलिंडर एकच, अडीचशे सी.सी.चा. किकची दांडी पुढे वळविली की तीच गिअरची दांडी होते. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणून पेट्रोलातच ऑईल मिसळावे लागते. पाच वर्षे त्या गाडीने आम्हांला पावसापाण्यातून, रात्री-अपरात्री आजाऱ्यांच्या दारी नेले आणि सुखरूप परत आणले.

पुढे २०१९ साली चारचाकी मिळाली आणि येझदी मागच्या पडवीत गेली. तिजवर ताडपत्री घातली की आपले कर्तव्य संपले, असे आम्ही समजलो. त्यातच एका शेतकऱ्याचे पाणी उपसावयाचे छोटे इंजिन अडले, तेव्हा येझदीचा स्पार्क प्लग काढून आम्ही त्याला दिला व त्या भोकात चिंधी कोंबली. नवा प्लग आणावयाचे राहून गेले. खानापूरकडचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे, त्यांस पुढचे सांगावयास नकोच. असे चार पावसाळे गेले. २०२१ साली मास्तरही निवर्तले.

२०२३ च्या जानेवारीत त्यांचा धाकटा मुलगा मस्कतहून बारा दिवसांच्या रजेवर आला. आम्हांस भेटून म्हणाला, "फादर, बाबांची गाडी घरी न्यायची होती. आईची इच्छा आहे." आम्ही मोठ्या उत्साहाने म्हणालो, "ने की बाळा, तुमचीच आहे ती." त्याने ताडपत्री ओढली, टायरांत हवा भरली आणि किकवर पाय ठेवला. दांडी हलेना. आपली लाज झाकण्याकरिता आम्ही पुढे सरसावलो आणि सगळे वजन किकवर टाकले. आत काहीतरी कडकन वाजले. त्याने हळूच आमचा दंड धरला व म्हणाला, "राहू द्या, फादर." तेव्हा मात्र प्लगाची गोष्ट सांगणे आम्हांस भाग पडले. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "बाबा दर रविवारी पुसायचे हिला." रागावला असता तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी बेळगावहून एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांचा पहिला प्रश्न असा की, "चालता चालता अडकली, की उभी राहून अडकली?" धावत्या गाडीत ऑईल कमी पडले तर पिस्टन तापून फुगतो आणि त्याचे अॅल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला चिकटते, तो रोग निराळा. उभ्या गाडीत दमट हवा शिरते, बिडाच्या भिंतीवर आणि पिस्टनच्या रिंगांवर गंज चढतो व तो गंजच दोहोंस जखडून टाकतो. आमचा रोग दुसरा. मिस्त्री म्हणाले, "गंजाला जोर चालत नाही, वेळ चालतो." मुलगा बोटांवर रजेचे दिवस मोजू लागला.

हेडचे नट काढून हेड उतरविले. पिस्टन बराच वर उभा होता, म्हणजे भिंतीतील खिडक्या त्याने झाकल्या होत्या. हे एक सुदैव. नाहीतर वरून घातलेले तेल सायलेन्सरमध्ये वाहून गेले असते. पिस्टनच्या वर जी भिंत उघडी होती, तिजवर तांबूस गंजाचे कडे दिसत होते. ते बारीक एमरी पेपर व डिझेल यांनी हलक्या हाताने घासून पुसून काढले. पुष्कळ लोक हीच पायरी गाळतात. मग सुटू पाहणारा पिस्टन त्या गंजात पुन्हा रुततो.

नंतर ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि अॅसिटोन समभाग घेऊन पिस्टनच्या माथ्यावर ओतले. ही दोन्ही नीट मिसळत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवावी लागते. अॅसिटोन चटकन पेट घेते व रंगही खाते, तेव्हा विडी-काडी दूर ठेवावी. पहिले दोन दिवस तेलाची पातळी तशीच होती. तिसऱ्या दिवशी ती दोराभर उतरलेली दिसली. "पाझरतंय," मिस्त्री म्हणाले, आणि आम्हां तिघांच्या तोंडावर प्रथमच हसू उमटले.

पाचव्या दिवशी उष्णतेचा उपाय झाला. तोही बंबाच्या पाण्याने, दिव्याच्या ज्योतीने नव्हे. कारण तेल कितीही पुसले तरी फटींत राहतेच. सिलिंडरचे तोंड नीट झाकून बाहेरून चिंध्या गुंडाळल्या व त्यांवर उकळते पाणी सोडले. यातील मर्म असे: अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दोन्ही सारखीच तापली तर पिस्टन अधिकच घट्ट बसेल. परंतु बाहेरून झपाट्याने ऊब दिली की सिलिंडर आधी फुगतो, पिस्टन मागे राहतो आणि मध्ये केसभर जागा होते. मग निवू द्यावे आणि पुन्हा तेल घालावे. या तापण्या-निवण्याने गंजाची पकड ढिली होते. दोन दिवस आम्ही हेच केले.

मग सुताराकडून सागवानाचा एक ठोकळा सिलिंडरच्या मापापेक्षा किंचित बारीक असा कातून आणला. तो माथ्यावर सपाट बसवून लाकडी हातोडीने टकटक करावयाचे. आमचा हात जरा जड पडला, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "फादर, मारू नका, नुसतं कळवा त्याला." खाली क्रँक निरनिराळे भाग दाबून जोडलेला असतो. मोठा घाव बसला तर तो वाकडा होतो. पिस्टन सुटतो आणि इंजिन कायमचे जाते.

आठव्या दिवशी संध्याकाळी गाडी वरच्या गिअरमध्ये घातली आणि मुलाने मागचे चाक धरून हलकेच मागेपुढे डोलविले. सहा-सात वेळा काही झाले नाही. मग चाक नखाएवढे अधिक फिरल्यासारखे वाटले. त्याने भरकन पुढे ढकलावयास हात उचलला, तोच मिस्त्री ओरडले, "पोरा, आता मागे! जेवढं पुढे, तेवढं मागे." थोडे तेल, थोडे पुढे, थोडे मागे, असे करता करता काळोख पडेपर्यंत पिस्टन पुरा वरखाली होऊ लागला.

पिस्टन सुटला म्हणजे गाडी सुरू झाली, असे मात्र नव्हे. सिलिंडर उचलला तेव्हा रिंगा खाचांतच गंजून बसलेल्या निघाल्या. भिंतीवर खड्डे पडले होते. टू-स्ट्रोक इंजिनात तळाच्या पेटीतही ओल साचते, त्यामुळे क्रँकचे बेअरिंगही गेले होते. असे इंजिन तसेच चालविले असते तर पहिल्याच मैलात सगळे मातीमोल झाले असते. आणि किकच्या चक्राचा एक दात तुटला होता. तो आमच्या वजनाने तुटला, हे कोणी बोलले नाही. सर्व खर्च आम्ही आमच्या पदरचा केला. पण पैशाने फिटण्यासारखी ती चूक नव्हती.

मुलाची रजा संपली. जाताना त्याने जुना पिस्टन वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत ठेवला. सिलिंडर बेळगावच्या उद्यमबागेत गेला. तेथे त्याचा बोअर अर्ध्या मिलिमीटरने वाढवून त्या मापाचा नवा पिस्टन बसविला.

आता वाचकांस दोन शब्द. गाडी महिनोन्महिने उभी ठेवावयाची असेल तर प्लगच्या भोकातून चमचा-दोन चमचे इंजिन ऑईल सोडावे, इंजिन हळूहळू दोन-चार वेळा फिरवावे आणि प्लग पुन्हा घट्ट बसवावा. टू-स्ट्रोक असेल तर पिस्टन वर ठेवावा. बुलेटसारखी फोर-स्ट्रोक असेल तर दोन्ही व्हॉल्व बंद राहतील अशा बेताने तो वर आणावा. सायलेन्सरच्या तोंडी तेलाचे फडके कोंबावे. ताडपत्री जमिनीपर्यंत आवळू नये, खालून वारा खेळू द्यावा. आणि पंधरा दिवसांनी एकदा इंजिन थोडेसे फिरवावे.

मे महिन्यात गाडी सुरू झाली. मास्तरांच्या अंगणात, त्यांच्या पत्नीसमक्ष, तिसऱ्या किकला. धुराने तुळई काळी होते की काय असे वाटले. आम्ही मस्कतला फोन लावून तो सायलेन्सरजवळ धरला. पलीकडून बराच वेळ शब्द येईना. मग आवाज आला, "फादर, पेट्रोलात ऑईल घातलंय ना?"

घातले होते. आजही दर पंधरवड्याला आम्ही जाऊन ती गाडी फिरवून येतो. तिचा स्पार्क प्लग मात्र आता कोणालाही देत नाही.