सांगली ते श्रवणबेळगोळ : कुटुंबाची गाडी आणि तिचे परिमाण

दक्षिण महाराष्ट्रातील जैन कुटुंबांना श्रवणबेळगोळचा रस्ता नवा नाही. सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजी या व्यापारी गावांतून पूर्वी ही यात्रा संघाने, ठरवलेल्या बसने किंवा रेल्वेने होत असे. आता त्याच घरांच्या दारात मध्यम आकाराची एसयूव्ही उभी असते आणि आजी-आजोबांसह पाच माणसे पहाटेच्या णमोकारानंतर गाडीत बसतात. २०१२ मध्ये डस्टर, २०१५ मध्ये क्रेटा, २०१९ मध्ये सेल्टॉस आणि २०२२ मध्ये ग्रँड विटारा आली. दहा-बारा वर्षांत या वर्गाने मध्यमवर्गीय व्यापाऱ्याच्या घरातील सेडानची जागा बव्हंशी घेतली. अशी गाडी वापरणाऱ्या कुटुंबांचा अनुभव काय सांगतो, हे पाहण्यास या सुमारे सहाशे किलोमीटरच्या रस्त्याइतकी चांगली कसोटी नाही.

पहिला अनुभव वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांचा आहे. सेडानमध्ये बसताना खाली वाकावे लागते आणि उतरताना हाताचा आधार घेऊन वर उठावे लागते. या गाडीचे आसन साधारण कमरेच्या उंचीवर येत असल्याने संधिवात असलेल्या माणसाला ती सुखाची वाटते. मात्र ठेंगण्या बांध्याच्या आणि साडी नेसणाऱ्या आजींना तोच उंबरठा उंच पडतो. म्हणून अनेक घरांत डिकीमध्ये एक लाकडी पाट कायमचा ठेवलेला असतो. गाडी घेण्यापूर्वी तरुणांनी इंजिनाची शक्ती पाहावी, पण आईला किंवा आजीला दोनदा चढवून-उतरवून पाहिल्याशिवाय नोंदणीची रक्कम भरू नये, असे अनुभवी मालक सांगतात.

यात्रेचा पहिला थांबा हातकणंगल्याजवळील कुंभोज बाहुबली येथे होतो. १९६३ मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या अठ्ठावीस फुटी बाहुबली मूर्तीचे दर्शन घेऊन कोल्हापूरमार्गे राष्ट्रीय महामार्ग ४८ धरावा. निपाणीच्या पुढे तवंदी घाटाजवळ स्तवनिधी क्षेत्र लागते. बेळगावच्या किल्ल्यात तेराव्या शतकाच्या प्रारंभीची कमल बस्ती आहे. तिच्या छतावरील दगडी कमळ मान वर करून पाहताना माणसे वेळ विसरतात. हुबळी ओलांडल्यावर वरूर येथे एकसष्ट फुटी पार्श्वनाथांची मूर्ती महामार्गावरूनच खुणावते. पुढे दावणगेरे, चित्रदुर्ग, हिरियूर करीत श्रवणबेळगोळ गाठता येते.

या वाटेवर गाडीचे गुणदोष आपोआप उघड होतात. महामार्गावर ती स्थिर धावते आणि खडबडीत सेवा-रस्त्यावर तिचा तळ सहसा घासत नाही. परंतु मागील आसनावर मधोमध बसणाऱ्याची पाठ दोन तासांत बोलू लागते. डिकी चारशे लिटरच्या पुढे असली, तरी पूजेचे साहित्य, धूतवस्त्रे, सतरंजी, गाळलेल्या पाण्याचे कॅन, दशम्या-चटणीचे डबे आणि पाच माणसांच्या बॅगा एवढे सामान आले की ती भरते. सीएनजी घेतल्यास टाकीमुळे ही जागा आणखी आटते. डिझेल गाडी अशा लांब प्रवासात किफायतशीर ठरते. पण जिचा रोजचा फेरा केवळ घर ते दुकान असतो, तिच्या धुराड्यातील काजळीची जाळी पुरेशी तापत नाही व तुंबते. अशा कुटुंबाला पेट्रोल गाडीच सोयीची. आसनांचे आवरण खऱ्या कातड्याचे नसून कृत्रिम आहे ना, हा प्रश्नही आपल्याकडील ग्राहक आवर्जून विचारतात. आसनांचे उत्तर मिळाले तरी सुकाणूच्या आवरणाचे वेगळे विचारावे.

रात्रिभोजनत्यागाचा नियम पाळणाऱ्या घरांत प्रवासाचे वेळापत्रक सूर्य ठरवतो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे तर सायंकाळी पाचच्या सुमारास दावणगेरे किंवा चित्रदुर्ग येथे मुक्कामाची जागा गाठावी लागते. एका दिवसात पल्ला मारण्याचा हट्ट त्यामुळे आपोआप सुटतो. पावसाळ्यात संध्याकाळनंतर दिव्यांच्या झोताकडे धावणारे असंख्य कीटक काचेवर आपटून मरतात, तीही हिंसा टळते. आणि थकलेल्या चालकाला विश्रांती मिळते.

हिशेबाची बाजूही नीट पाहावी. दीड लिटरपर्यंतच्या इंजिनाच्या अशा बहुतेक गाड्यांवर पूर्वी कर व उपकर मिळून ४५ टक्के आकारणी होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ती ४० टक्के झाली. किंमत उतरली म्हणून घाईने खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की, पेढीच्या नावाने गाडी घेतली तरी या कराची वजावट सर्वसाधारणपणे मिळत नाही. विम्याच्या प्रचलित कोष्टकानुसार पाचव्या वर्षात गाडीचे घोषित मूल्य मूळ किमतीच्या निम्म्यावर येते. सर्वांत घातक सवय म्हणजे कॅश क्रेडिट खात्यातून गाडीची रक्कम उचलणे. ती मर्यादा हळद, बेदाणा किंवा सूत फिरते ठेवण्यासाठी असते. माल विकला की पैसा परत येतो. गाडीत घातलेला पैसा तसा फिरून येत नाही. हंगामात खरेदीची वेळ आली की खाते आवळलेले आढळते आणि दारातील गाडी पाहून कोणी उधारीची मुदत वाढवत नाही. वाहनासाठी स्वतंत्र कर्ज, शक्य तेवढी मोठी प्रारंभिक रक्कम आणि पाच वर्षांत फेड, एवढे जमत असेल तरच ती घ्यावी.

या रस्त्यावर आणखी एक प्रवासी असतो आणि त्याला वाहन नसते. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात मुनिसंघांचा विहार नित्याचा आहे. ईर्यासमिती पाळणारे मुनी चार हात जमीन निरखून पाऊल टाकतात. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने धावणारी गाडी मात्र एका सेकंदात बावीस मीटर पुढे गेलेली असते, आणि तिच्या उंच बोनेटमुळे चालकाला अगदी जवळची जमीन दिसतच नाही. विहारातील त्यागींना वाहनाने धडक दिल्याच्या बातम्या समाजाने अनेकदा वाचल्या आहेत व शोकसभा घेतल्या आहेत. ते वाहन नेहमी परक्याचेच असेल, असे कोणी गृहीत धरू नये.

जयसिंगपूरच्या एका कुटुंबाची हकीकत या संदर्भात बोलकी आहे. निपाणीच्या पुढे, सूर्य नुकताच वर आला असताना, नातू रिकाम्या रस्त्यावर गाडी वेगाने नेत होता. मागे बसलेल्या आजी म्हणाल्या, “बाळा, जरा सावकाश घे. काल बस्तीत सांगत होते, महाराजांचा संघ निघालाय म्हणून.” नातवाने कुरकुरत वेग कमी केला. पुढच्या वळणापलीकडे, धुक्यात, डाव्या कडेने मुनिसंघ चालला होता. मागून लाल झेंडी घेतलेला एक श्रावक येत होता. गाडी मागेच थांबली. सर्वांनी उतरून नमोस्तु केले. पुढे बेळगावपर्यंत त्या गाडीत कोणी फारसे बोलले नाही.

यात्रेला निघण्यापूर्वी वाटेवरील विहाराची चौकशी बस्तीत किंवा फोनवर करणे अवघड नाही. पहाटेच्या वेळी वेग साठच्या आत ठेवणे आणि संघ दिसल्यास मागे थांबून, धोक्याचे दिवे लावून इतर वाहनांना सावध करणे हेही सहज साधते. नव्या गाड्यांत आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते. परंतु धुके वा समोरचे कोवळे ऊन असताना तिच्यावर विसंबू नये.

श्रावकाच्या भोगोपभोगपरिमाण व्रतात भोजन, शयन यांच्याबरोबर वाहनाचीही मर्यादा सांगितली आहे. परिमाण म्हणजे गाडी न घेणे नव्हे. घरातील माणसे किती, पेढीची ऐपत किती, दिवसाचा पल्ला किती आणि वेग किती, हे आधी ठरवून मग ते पाळणे होय. मध्यम आकाराची गाडी या मोजमापात बसते. तिच्यापेक्षा मोठी घेण्याचा मोह शेजाऱ्याच्या दाराकडे पाहून होतो, असा अनेक घरांचा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी विंध्यगिरीच्या पायथ्याशी गाडी थांबते आणि पादत्राणेही तेथेच उतरवावी लागतात. साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या अनवाणी चढून गेल्यावर अखंड पाषाणातील सुमारे सत्तावन्न फुटी गोम्मटेश्वर समोर उभे राहतात. चरणांजवळच्या शिलालेखात ही मूर्ती चावुंडरायाने करविली अशी मराठी ओळ कोरलेली आहे. मराठीच्या प्राचीन कोरीव लेखांत तिची गणना होते. घरून आलेली नातवंडे ती ओळ वाचण्याचा प्रयत्न करतात. ज्यांना चढणे शक्य नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. पुढील महामस्तकाभिषेक २०३० मध्ये अपेक्षित आहे. त्या वेळी या रस्त्यावर वाहनांची आणि विहार करणाऱ्या संघांची गर्दी एकाच वेळी होईल. तोपर्यंत सावकाश चालवण्याची सवय प्रत्येक घरातील चालकाला लागलेली असावी.