सोलापूरचे रस्ते आणि ताटाची डावी बाजू

सोलापुराविषयीं जें जें लिहिलें जातें त्यांत श्रीसिद्धेश्वराचें तळ्यांतील देऊळ, भुईकोट किल्ला, संक्रांतीची गड्ड्याची यात्रा, चादरी आणि शेंगांची चटणी ह्यांचा उल्लेख यावयाचाच, आणि तो यथायोग्यही आहे. परंतु ह्या शहराचें एक अंग यात्रेकरूच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. तें म्हणजे त्याचे रस्ते. सपाट पठारावर वसलेल्या ह्या गांवीं पुण्याचा, हैदराबादचा, विजापूरचा, अक्कलकोटचा, तुळजापूरचा असे थोर थोर रस्ते येऊन मिळतात. सात रस्ता ह्या नांवाचा एक चौकच येथें आहे. मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू ह्या चार भाषा एकाच वळणावर कानीं पडतात, आणि रिक्षा, हातगाडी, सायकल व फटफटी हीं वाहनें एकाच वेळीं त्याच वळणावर आपला हक्क सांगतात. येथील मध्यम स्थितींतील गृहस्थाचा धंदा, मुलांची शाळा, देवदर्शन आणि औषधपाणी हें सर्व त्याच्या दुचाकीवर चालतें. तीच एके दिवशीं आजारानें सुटली म्हणजे काय होतें, आणि ती परत हातीं येण्याचा कांहीं शास्त्रशुद्ध मार्ग आहे काय, हें आमच्या सोलापुरच्या मुक्कामांत आम्हांस जवळून पाहावयास मिळालें. तेंच येथें सांगावयाचें आहे.

आमचे एक मावसबंधु सोलापुरीं सुताच्या दलालीचा धंदा करतात. शहराच्या पूर्व भागांत जे यंत्रमागाचे कारखाने आहेत, त्यांच्या दारोदार नमुने घेऊन फिरणें हा त्यांचा तीस वर्षांचा नित्यक्रम. त्यांस अर्धांगवायूचा झटका आला. मेंदूच्या उजव्या अंगास रक्ताची गुठळी अडकली, आणि शरीराची डावी बाजू लुळी पडली. (उजवा मेंदू डावें अंग चालवितो, हें वाचक जाणतातच.) वेळेवर इस्पितळांत नेल्यानें जीव वांचला, आणि चार महिन्यांच्या व्यायामानें ते काठीवांचून चालूं लागले. चालूं लागले त्याच दिवशीं त्यांनीं फटफटीची किल्ली मागितली.

येथून घरांत दोन पक्ष पडले. मावशी, म्हणजे त्यांच्या मातोश्री, चौऱ्याऐंशीं वर्षांच्या. त्यांनीं गाडीचें नांव काढावयाचें नाहीं असें निक्षून सांगितलें. थोरल्या मुलानें किल्ली देवघराच्या फडताळांत लपविली. धाकटे बंधु म्हणूं लागले कीं, माणूस घरीं बसला तर मनानें खचेल, त्यापेक्षां चालवूं द्या. एके पहांटे आमच्या बंधूंनीं किल्ली हुडकून गाडी बाहेर काढली, आणि गल्लीच्या तोंडाशींच डाव्या हातास बसलेल्या एका भाजीवाल्या म्हातारीच्या टोपलीवर घातली. म्हातारीस लागलें नाहीं ही ईश्वराची कृपा. मेथीच्या जुड्या मात्र रस्ताभर झाल्या. विशेष हें कीं, तेथें टोपली नव्हतीच, असें ते शपथेवर सांगत राहिले. घरच्यांनीं तो हट्टीपणा मानला. ह्यानंतर आम्हांस वडीलकीच्या नात्यानें बोलावणें आलें, आणि आम्ही तेथें पोंचलों तेव्हां कोणाच्या तरी सल्ल्यानें एका व्यवसायोपचार जाणणाऱ्या बाईंकडे त्यांस न्यावयाचें ठरलें होतें.

बाई वयानें लहान, आमच्या मुलीच्या वयाच्या. आम्हांस वाटलें होतें कीं त्या हात-पाय तपासतील. त्यांनीं प्रथम विचारलें तें जेवणाविषयीं. "काका, ताटांत डावीकडे काय वाढतात हो तुमच्याकडे?" प्रश्न ऐकून बंधु हंसले. परंतु आमची भावजय एकाएकीं गंभीर झाली. ती म्हणाली, "बाई, आजारानंतर ह्यांची चटणीच सुटली. शेंगाचटणीवांचून ह्यांचा घांस उतरत नसे. आतां ती ताटांत तशीच राहते, आणि वर विचारतात, आज चटणी वाढली नाहीं काय? आम्हांस वाटलें, तोंडाची चव गेली."

आपल्या पानाची मांडणी ठरलेली आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या हातास; भाजी व आमटी उजवीकडे. आमचे बंधु उजवी बाजू स्वच्छ संपवीत आणि डावी बाजू जशीच्या तशी ठेवून उठत. चव शाबूत होती, डोळेही शाबूत होते. परंतु डावीकडे कांहीं आहे ह्याची दखलच मन घेत नव्हतें. बाईंनीं मग एक कागद पुढें केला, ज्यावर अक्षरांच्या ओळीच ओळी छापल्या होत्या, आणि त्यांतील प्रत्येक 'क' वर काट मारावयास सांगितलें. उजव्या अर्ध्यांतील सर्व 'क' कापले गेले. डाव्या अर्ध्यांतील एकही नाहीं. नंतर घड्याळ काढावयास सांगितलें. वर्तुळ बरें निघालें. बारापासून सहापर्यंतचे आंकडेही जागच्या जागीं. पण सात, आठ, नऊ हे सगळे उजवीकडेच दाटीनें कोंबलेले, आणि घड्याळाचा डावा भाग कोरा. काम पुरें झालें असें सांगून बंधूंनीं पेन्सिल खालीं ठेवली. बाईंनीं तोच कागद त्यांच्या उजव्या हाताकडे सरकविला व पुन्हां पाहावयास सांगितलें. बराच वेळ ते पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे टोपली होती तर."

तीस वर्षें आम्ही मुलांच्या वह्या तपासल्या. इतकें अवघड उत्तर इतक्या थोड्या शब्दांत दिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. ज्याला डावीकडचें भान नाहीं त्याला तें नसल्याचेंही भान नसतें, असें बाईंनीं पुढें समजावून दिलें. म्हणून अशा रोग्याशीं वाद घालणें, रागावणें किंवा शपथा घालणें व्यर्थ होय. झटक्यानें कांहीं जणांच्या दृष्टीचा अर्धा पट्टाच नाहींसा होतो. तो प्रकार ह्याहून निराळा, आणि त्याची तपासणी नेत्रवैद्यानें करावयाची. आमच्या बंधूंच्या बाबतींत तसें नव्हतें, आणि सवयीनें सुधारणा होण्यास जागा होती.

'व्यवसायोपचार' हा शब्द ऐकून, रोग्यास कांहीं धंदा शिकवीत असतील अशी पुष्कळांची समजूत होते. संस्कृतांत व्यवसाय ह्याचा मूळ अर्थ निश्चयपूर्वक केलेला यत्न असा आहे, आणि गीतेंतही तो निश्चयाच्या अर्थींच येतो. त्या अर्थानें पाहिलें तर नांव फार योग्य पडलें आहे. अंघोळ, जेवण, लिहिणें, स्वयंपाक, दुकान, वाहन, जें जें माणूस रोज करतो तेंच औषध म्हणून त्याजकडून बेताबेतानें करवून घ्यावयाचें, अशी ही विद्या आहे. हिचें रोप आपल्या देशांत लावलें तें महाराष्ट्राच्या एका सुनेनें. अमेरिकेंतील एलिझाबेथ लुंडी ही विष्णु निंबकर ह्यांच्याशीं विवाह करून हिंदुस्थानांत आली व कमलाबाई निंबकर झाली. पुढें मायदेशीं जाऊन तिनें ह्या विषयाचें रीतसर शिक्षण घेतलें, आणि १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. १९५२ सालीं ह्या विषयाची अखिल भारतीय संघटना निघाली, आणि त्याच वर्षीं स्थापन झालेल्या जागतिक संघटनेच्या पहिल्या दहा देशांत भारत होता. इरावतीबाई कर्वे ह्यांच्या कन्या जाई निंबकर ह्या कमलाबाईंच्या सून होत, हें सांगितलें म्हणजे आमच्या वाचकांस त्या अगदींच परक्या वाटणार नाहींत.

पहिल्या महायुद्धांत जखमी सैनिकांकडून इस्पितळांतच विणकाम, सुतारकाम, टोपल्या करणें इत्यादि कामें करवून घेत, तेव्हांपासून माग हें ह्या विद्येचें जुनें साधन आहे. सोलापुरांत तें दिसावें ह्यांत नवल नाहीं. बाईंच्या खोलींत एक लहानसा लांकडी माग होता. बंधूंनीं सुताची दलाली जन्मभर केली. परंतु मागावर ते कधीं बसले नव्हते. आतां धोटा उजवीकडून टाकावा, आणि तो डावीकडे कोठें गेला हें मान वळवून शोधावें, डाव्या हातानें तो उचलावा, पायानें पावडी दाबावी, असें रोज अर्धा तास चालूं लागलें. हात, पाय आणि डोळे ह्यांचा हा मेळ मोटार चालविणाऱ्यासही लागतो. डावी कड सैल राहिली कीं पट्टीच वांकडी होई, आणि चूक कोणी सांगावी लागत नसे.

घरींही अभ्यास होताच. वर्तमानपत्राच्या डाव्या समासावर तांबडी रेघ ओढावयाची, आणि ती दिसल्यावांचून ओळ वाचावयास आरंभ करावयाचा नाहीं. शेंगा डाव्या हातानें सोलावयाच्या. चटणीची वाटी भावजयीनें मुद्दाम डावीकडेच ठेवावयाची आणि ती आहे असें सांगावयाचें नाहीं. हें शेवटचें पथ्य मावशींस जड गेलें. मुलगा चटणीवांचून उठतो हें त्यांस पाहवेना, आणि त्या हळूच वाटी उजवीकडे सरकवीत. बाईंच्या कानीं हें गेलें तेव्हां त्यांनीं मावशींजवळ बसून सांगितलें, "आजी, वाटी तुम्ही सरकवाल, रस्त्यावरची सायकल कोण सरकवील?" त्या दिवसापासून मावशींनीं हात आवरला.

आतां कायद्याकडे वळूं. परवाना काढतांना अर्जदारास स्वतःच्या प्रकृतीविषयीं लेखी निवेदन करावें लागतें. फेपरें येतें काय, पंचवीस मीटरांवरील वाहनाचा क्रमांक वाचतां येतो काय, हातपायांच्या शक्तींत वा हालचालींत कांहीं वैगुण्य आहे काय, तांबडा व हिरवा रंग ओळखतां येतो काय, रातांधळेपणा आहे काय, अशा प्रकारचे ते प्रश्न आहेत. चाळिशी उलटलेल्यास डॉक्टरांचें प्रमाणपत्र जोडावें लागतें, आणि पंचावन्न वर्षांनंतर परवान्याची मुदत पांच पांच वर्षांचीच असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणें रोग वा व्यंग ह्या कारणास्तव परवाना रद्दही होऊं शकतो. परंतु दोन नूतनीकरणांच्या मधल्या काळांत झटका आला तर आपण होऊन विचारावयास घरीं कोणी येत नाहीं. इंग्लंडांत झटक्यानंतर निदान एक महिना मोटार चालवूं नये, आणि बस वा ट्रक वर्षभर चालवूं नये, असा दंडक आहे. आपणांकडे हा भार बव्हंशीं रोग्याच्या व त्याच्या घरच्यांच्या सदसद्विवेकावर पडतो. आमच्या मतें हें इष्ट नाहीं. कारण वर सांगितल्याप्रमाणें कित्येकदां तो विवेकच आजारी असतो.

वाहनांत फेरफार करण्यास मात्र कायद्याची अनुकूलता आहे. पूर्वीं कायद्यांत 'अपंगांची गाडी' अशा अर्थाचा शब्द होता. २०१९ च्या दुरुस्तीनें त्या जागीं माणसास अनुरूप केलेलें वाहन ह्या अर्थाचा शब्द आला. मागें दोन जादा चाकें लावलेल्या स्कूटर सोलापुरांतही दिसतात. मोटारींत ब्रेक व वेग हातानें चालविण्याचा दांडा बसवितां येतो. ज्याचा उजवा पाय अधू त्यास वेगाची पट्टी डाव्या पायाखालीं देतां येते. एका हातानें चाक फिरविण्यासाठीं चाकावर मूठ बसवितां येते. आमच्या बंधूंचा डावा पाय व डावा हात दुर्बळ. फटफटीचा क्लच डाव्या हातीं आणि गिअर डाव्या पायीं. शिवाय तोल सांभाळावयाचा. तेव्हां फटफटी कायमची बंद, असें बाईंनीं स्पष्ट सांगितलें. क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी मोटार, हा एक मार्ग उरला.

सात महिने लोटल्यावर, डॉक्टरांची संमति घेऊन, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडींत अभ्यास सुरू झाला. ह्या गाडींत शिक्षकाच्या पायाखालींही ब्रेक असतो. बाई मागें बसत, आणि एकदोनदां आम्हीही बसलों. प्रथम नव्या वसाहतींतील रिकामे रस्ते, तेही सकाळीं सात वाजतां. नियम असा कीं, डावीकडे जें दिसेल तें मोठ्यानें म्हणावयाचें. "डावीकडे आरसा, डावीकडे दुधाची सायकल, डावीकडे कुत्रें." परवचा म्हणणाऱ्या मुलासारखे बंधु म्हणत जात, आणि ते गप्प झाले कीं बाई मागून विचारीत, "काका, डावीकडे?" तिसऱ्या आठवड्यांत होटगी रस्ता, आणि पांचव्यांत सात रस्ता. तेथें डावीकडून एक रिक्षा एकाएकीं आडवी आली. बंधूंच्या तोंडून "रिक्षा" हा शब्द निघण्याच्या आधींच त्यांचा पाय ब्रेकवर गेला होता. शिक्षकानें आपला पाय उचललाच नव्हता, हें त्यानें मागाहून सांगितलें. परंतु त्याच फेरींत पुढें, थकवा आल्यावर, कडेला उभी असलेली एक हातगाडी त्यांनीं सांगितली नाहीं, आणि तेथें मात्र शिक्षकासच ब्रेक दाबावा लागला. बाईंनीं दोन्ही गोष्टी वहींत टिपल्या.

त्या वहीवरून घरांत बैठक बसली. मावशी, दोघे बंधु, भावजय, थोरला मुलगा आणि बाई. किल्ली लपविण्याची पद्धति बाईंस मुळींच पसंत नव्हती. जें ठरवावयाचें तें काकांच्या समक्ष ठरवावें आणि कागदावर लिहून त्यांची सही घ्यावी, असें त्यांचें म्हणणें. कागद असा झाला: दिवसाउजेडीं, ओळखीच्या रस्त्यांवर, अर्ध्या तासापेक्षां अधिक नाहीं, शेजारीं घरचें कोणी तरी बसलेलें, औषध चुकलें किंवा झोंप झाली नाहीं त्या दिवशीं गाडी काढावयाची नाहीं, अक्कलकोटचा व हैदराबादचा रस्ता तूर्त वर्ज्य. बंधूंनीं सही केली. पण अक्कलकोट शब्दावर त्यांचें बोट कांहीं वेळ थांबलें. दर गुरुवारीं स्वामींच्या दर्शनास जाण्याचा त्यांचा जुना नेम होता. धाकटे बंधु म्हणाले, "दादा, गुरुवारीं मी नेईन." त्यावर ते कांहीं बोलले नाहींत.

फटफटी पुतण्याकडे गेली आहे. पूर्व भागांतील कारखान्यांचे नमुने आतां तोच पोंचवितो, आणि भाव ठरविणें बंधु दूरध्वनीवरून करतात. सकाळीं नऊच्या सुमारास भावजय शेजारीं बसते, ते गाडी काढून सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत जातात आणि परत येतात. पुढील तपासणी चैत्रांत व्हावयाची आहे, आणि अक्कलकोटच्या रस्त्याचा विचार तेव्हां करूं, असें बाईंनीं सांगितलें आहे.