पाणी येतं, तरी कोरडे

पुणे,
12 मे

प्रिय नलू,


तुझा परवाचा फोन ठेवला आणि मला हसू आवरेना. “डोळ्यांतून धारा लागल्यात, पदर ओला होतोय, आणि तो डॉक्टर म्हणतो तुमचे डोळे कोरडे पडलेत! फी परत मागायला हवी होती.” मागू नकोस. तो बरोबर सांगतोय. तीन वर्षांपूर्वी मीही अशीच तणतणत घरी आले होते. फोनवर तुला समजवायला गेले, तर तू ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतीस, म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

माझं दुखणं प्रुफांनी आणलं. आयुष्यभर कागदावर वाचली, शेवटच्या काही वर्षांत छापखान्यानं ती संगणकावर पाठवायला सुरुवात केली. दुपारी चार वाजले की डोळ्यांत रेती गेल्यासारखं खुपायचं. वेलांट्या पुसट व्हायच्या. पापणी मिटून उघडली की पुन्हा स्पष्ट. हे ध्यानात ठेव, कारण चष्म्याचा नंबर असा क्षणाक्षणाला बदलत नाही. मला हे ठाऊक नव्हतं, म्हणून मी दोनदा चष्मा बदलला! मग डोळे लाल दिसतात म्हणून औषधाच्या दुकानातून विचारून थेंब आणले. मिनिटात डोळे पांढरेशुभ्र, दुसऱ्या दिवशी आदल्यापेक्षा लाल. ते औषध नुसत्या रक्तवाहिन्या आवळतं आणि त्याचा जोर ओसरला की त्या जास्तच फुगतात. पंधरा दिवस मी हा खेळ केला.

शेवटी नीट तपासणी झाली. खालच्या पापणीत टीपकागदासारखी अरुंद पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. शर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरानं 1903 मध्ये काढलेली ही युक्ती अजून चालते. पट्टी 10 मिलिमीटरपेक्षा जास्त भिजली तर पाणी पुरेसं, 5 पर्यंतही नाही भिजली तर फार कमी. माझी 14 भिजली. मी विजयी मुद्रेनं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांत पिवळा रंग लावला, निळा दिवा धरला आणि म्हणाल्या, “आता पापणी हलवू नका.” चौथ्या सेकंदाला म्हणाल्या, “फाटला.” बुबुळावरचा अश्रूंचा पडदा. तो निदान दहा सेकंद तरी टिकायला हवा.

म्हणजे पाणी होतं, पण राहत नव्हतं. आईची लोणच्याची बरणी आठव. वर बोटभर तेल आलं नाही तर ती दादरा बांधू द्यायची नाही. डोळ्यावरही तसंच आहे. खाली चिकट थर, ज्यामुळे पाणी बुबुळाला धरून राहतं, मग पाणी, आणि सगळ्यात वर तेलाचा अगदी पातळ तवंग, पाणी उडून जाऊ नये म्हणून. हे तेल येतं पापण्यांच्या कडेतून. केसांच्या आतल्या बाजूला एका ओळीत बारीक छिद्रं असतात, वरच्या पापणीत 25 ते 40, खालच्या पापणीत 20 ते 30. हाइनरिश माइबोम यानं 1666 मध्ये या ग्रंथींचं वर्णन केलं, त्याचंच नाव त्यांना चिकटलं. वय वाढलं, पाळी गेली की हे तेल घट्ट होतं, छिद्रं बुजतात. तवंग नसला की पाणी उडतं, बुबुळ उघडं पडतं, झोंबतं. आणि झोंबलं की मोठी अश्रुग्रंथी घाबरून कांदा चिरताना सोडते तसा लोंढा सोडते. तो गालावरून पदरात जातो, डोळ्यात ठरत नाही. तुझ्या धारांचं एवढंच गूढ. अर्थात पाण्याची वाट बुजली तरी डोळे वाहतात, पण ते तुझ्या डॉक्टरांनी पाहिलंच असेल.

आता इलाज. डिसेंबरात खोबरेल थिजलं की आपण बाटली हलवून पाहायचो का? उन्हात ठेवायचो. तेच करायचं. मी मांजरपाटाची छोटी पिशवी शिवून तीत कोरडे तांदूळ भरलेत. तव्यावर कोमट करते, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहते आणि मिटल्या डोळ्यांवर सात-आठ मिनिटं ठेवते. ओल्या फडक्यानंही होतं, पण ते दोन मिनिटांत निवतं आणि मग नुसतं तोंड पुसल्यासारखं होतं. शेकून झालं की स्वच्छ बोटानं वरची पापणी खाली आणि खालची वर, कडेच्या दिशेनं हलकेच दाबत आणायची. डोळा चोळायचा नाही. महिनाभर फरक कळणार नाही, तुझा स्वभाव पाहता तू आठवड्यात सोडशील, म्हणून आधीच सांगते.

आणि काजळ बंद. तुला राग येईल, पण पापणीच्या कडेवर रोज ते फासणं म्हणजे त्याच छिद्रांवर लिंपण.

दुसरी गोष्ट पापणीची. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा लवते. मोबाइलवर मालिका पाहताना निम्म्याहूनही कमी, आणि लवते तीही अर्धवट, वरची खालचीला टेकतच नाही. दमयंतीनं स्वयंवरात पाच नलांमधून खरा नल ओळखला त्यात हीही खूण होती, देवांच्या पापण्या लवत नव्हत्या. देवांना परवडतं. मी प्रत्येक पान संपलं की डोळे पुरते मिटून दोन आकडे मोजते. नातू म्हणतो, आजी डुलक्या घेते.

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद कर म्हणण्याइतकी मी निर्दय नाही. त्याची हवा दमट असते, ती चांगलीच. वाईट आहे तो चेहऱ्यावर येणारा झोत. वसंतरावांना सांग, तोंड पायांकडे फिरवा.

थेंबांबद्दल मात्र हट्ट करू नकोस. तुला दिलेत ते कृत्रिम अश्रू आहेत, त्यांची सवय लागत नाही. खालची पापणी ओढून एकच थेंब, मग मिनिटभर डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा दाब. दोन थेंब घातलेस तर दुसरा गालाचाच. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर बिनपरिरक्षकाच्या छोट्या कुप्या मागून घे. बाटलीतले थेंब नासू नयेत म्हणून त्यांत बहुधा जे परिरक्षक असतं तेच वारंवार गेलं की डोळ्याला बोचतं. बाटली फोडलेली तारीख तिच्यावर लिही, महिन्यानंतर टाकून दे. मध, गुलाबपाणी, शेजारणीचे उरलेले थेंब, काही घालू नकोस. शेजारणीचे स्टेरॉइडचे निघाले तर बरं वाटेल आणि आत डोळ्याचा दाब वाढेल.

अमेरिकेहून येणाऱ्या माशाच्या तेलाच्या गोळ्यांचं विचारलंस. तिकडेच 2018 मध्ये मोठी चाचणी प्रसिद्ध झाली: वर्षभर काहींना मासळीचं तेल, काहींना ऑलिव्हचं. दोन्हीकडे सारखाच आराम! पोराचे पैसे वाचव.

एक मात्र गमतीवारी नेऊ नकोस. तू रात्री सर्दीची गोळी घेतेस, तीही डोळे सुकवते, डॉक्टरांना सांग. आणि गेल्या दिवाळीत तू प्रत्येक घासाला पाणी पीत होतीस, भाकरी उतरत नाही म्हणत होतीस, बोटांचे सांधे सकाळी आखडतात म्हणत होतीस. स्वीडनच्या हेन्रिक शोग्रेननं 1933 मध्ये अशाच 19 बायकांवर प्रबंध लिहिला होता: डोळे कोरडे, तोंड कोरडं, बहुतेकींचे सांधे धरलेले. शरीर स्वतःच्याच ग्रंथींवर उठतं असा तो आजार. तुला तो असेलच असं नाही, वयानंही तोंड सुकतं. पण ही तिन्ही दुखणी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना सांगत बसू नकोस, एकालाच एकत्र सांग, रक्त तपासतील. आणि डोळा ठणकला, उजेड सोसेनासा झाला, अंधुक दिसून पापणी मिटल्यावरही साफ झालं नाही, तर शेकत बसू नकोस, तडक जा.

वसंतरावांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. पिशवी पार्सलनं पाठवली आहे, सोबत कैरीचं लोणचं. प्रवासात तेलाची पातळी खाली जाईल. कमी वाटलं तर गरम करून, गार झाल्यावर वरून घाल.